लूप सुराचा, ठेका हाताचा

बारामतीच्या कानाला यंत्राचं वावडं नाही. गणपतीतली बेंजो पार्टी असो, वरात असो की ऑर्केस्ट्रा, ऑक्टोपॅड आमच्याकडे केव्हाच घरचा झाला आहे. त्यामुळे शेजारी टेबलावर सोळा पॅडचा सॅम्पलर ठेवून मी गिटार घेऊन बसलो तर कुणी बिचकत नाही. एका माणसाच्या तीन-चार गिटारी ऐकू यायला लागल्या की पुढची पोरं तेवढी मान उंच करून बघतात.

सॅम्पलर रोलँडचा, एसपी-404 मार्क टू. गिटारची वायर त्याला थेट लागते. त्यातली ‘स्किप बॅक’ची सोय मला फार मोलाची वाटते. आत्ता वाजून गेलेले 25 सेकंद तो आपणहून धरून ठेवतो, त्यामुळे एखादी जागा छान लागली की मागाहून बटण दाबूनही ती हाती येते. शिवाय तो सहा पेन्सिल सेलवर चालतो. मांडवात जनरेटरची वीज असली की गिटारच्या आवाजात घरघर शिरते. सेलवर ती बरीच कमी होते.

वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरत ठेवायचा, तो लूप. खरी कसोटी त्याच्या तोंडाशी असते. मिनिटाला 96 ठोके धरले तर एक ठोका 0.625 सेकंदाचा आणि चार-चार ठोक्यांचे चार बार बरोबर 10 सेकंदांचे. शेवटचं बटण 20 मिलिसेकंद उशिरा दाबलं तर पहिल्या फेरीत कुणालाही कळत नाही. पण चूक दर फेरीला साठत जाते. तीस फेऱ्यांत, म्हणजे पाच मिनिटांत, ती 600 मिलिसेकंद होते आणि लूप जवळजवळ एक ठोका मागे पडतो. म्हणून बटण हाताने दाबलं तरी लूपची लांबी यंत्राच्या घड्याळाने ठरवून घ्यावी लागते. दोन यंत्रं एकत्र असतील तर हे सोपं आहे. वाद्ययंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या, 1983 साली आलेल्या मिडी या पद्धतीत एका ठोक्याचे 24 भाग करून तसे इशारे पाठवण्याची सोय आहे. एक यंत्र ते पाठवतं, दुसरं त्यावर चालतं. ऑर्केस्ट्रात मी ऑक्टोपॅडवाल्याच्या हेडफोनमध्ये सॅम्पलरची टिकटिक देतो. लूप आणि ठेका मग शेवटपर्यंत एकत्र राहतात.

याच हिशेबावर मी मोरोपंतांच्या आर्या बसवल्या. मोरोपंत (1729–1794) पन्हाळ्याचे, पण त्यांचं लेखन बहरलं ते आमच्या बारामतीत. त्यांच्या बहुतेक आर्या गीती या प्रकारातल्या. पहिल्या चरणात 12 मात्रा, दुसऱ्यात 18, पुढे पुन्हा तेच. म्हणजे अर्ध्या आर्येच्या 30 मात्रा. 96 च्या वेगात अर्ध्या ठोक्याला एक मात्रा धरली तर चार बारांत 32 मात्रा मावतात. अर्धी आर्या म्हणून झाल्यावर दोन मात्रा उरतात आणि त्या म्हणणाऱ्याच्या श्वासाला लागतात. मुलांकडून म्हणून घेताना हे इतकं चपखल बसलं की मला त्या कवीच्या कानाचं नव्याने आश्चर्य वाटलं. स्वतःवर नाना बंधनं घालून ज्याने 108 रामायणं रचली, त्याच्या मात्रा 10 सेकंदांच्या लूपमध्ये एक कणही मागेपुढे होत नाहीत.

अभंगाचं मात्र तसं नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीला मुक्कामाला असते, पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण होतं. इथल्या माणसाचं लयीचं शिक्षण टाळ-पखवाजावर झालेलं आहे. इंदापूरकडच्या एका भजनी मंडळासोबत बसायचं ठरलं तेव्हा पखवाजवाल्या अण्णांनी आधीच विचारलं, “आरं, शेवटाला लय चढणार. तुझं यंत्र येईल का मागनं?”

प्रश्न अगदी मुळाचा होता. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यामुळे दोन बारांत तो नीट मावतो. पण मंडळ संथ सुरू करतं, चरणागणिक थोडं पुढे सरकतं आणि गजराला दुगुणीत जातं. अण्णांच्या कानात टिकटिक घालणं मला पटणारं नव्हतं. चढती लय हाच भजनाचा प्राण आहे. दुसरा उपाय म्हणजे अण्णांच्या हाताकडे बघत टॅप टेम्पोने, म्हणजे बटणावर ठोके देत, यंत्राचा वेग बदलत राहणं. तोही करून पाहिला. स्वर कायम ठेवून लूप आवळला तर तारेवरचा टोला बोथट होतो. नुसताच वेग वाढवला तर स्वर चढतो. 96 चे 100 केले तरी तो जवळपास पाऊण सेमीटोन वर जातो, आणि समोर पेटी असताना ते क्षणभरही खपत नाही.

तेव्हा मी लूपमधून ठेकाच काढून टाकला. पेटी काळी एकला होती. पहिल्या पट्टीवर कॅपो लावला, षड्ज आणि पंचम छेडले. छेडताना गिटारचं व्हॉल्यूम शून्यावर ठेवलं आणि तार वाजल्यावर करंगळीने हळूहळू वर आणलं, म्हणजे टोला ऐकू येत नाही, नुसता सूर उमलतो. असे चार-पाच सूर एकावर एक चढवून लांब लूप केला. त्याचा शेवट सुरुवातीवर थोडा चढवला, म्हणजे सांधा कळत नाही. लूपला यंत्राच्या ठोक्याशी बांधणारा बीपीएम सिंक बंद केला. या लूपला ठोकाच नाही, त्यामुळे अण्णा कितीही पुढे गेले तरी तो चुकत नाही. हात मोकळे झाले आणि ठेक्यासोबतची गिटार मी त्यांच्या बोटांकडे बघत हातानेच वाजवली. दुगुण झाली तेव्हा खाली सूर तसाच भरून होता आणि वर टाळ, पखवाज, गिटार एकाच लयीत धावत होते.

सिंक म्हणजे सगळ्यांनी घड्याळाच्या मागे चालणं, असं यंत्राबरोबरची पुस्तिका धरून चालते. दोन यंत्रांपुरतं ते खरं आहे. माणसांची लय चढणार असेल तर घड्याळ बाजूला ठेवणं हाच चांगला सिंक, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या गावच्या भजनी मंडळासोबत गिटार घेऊन बसायची इच्छा असेल तर जरूर बसा. लूपमध्ये षड्ज-पंचम भरा, अभंगाला मध्यम लागत असेल तर षड्ज-मध्यम भरा. ठेका पखवाजवाल्याकडे राहू द्या. आणि सेलचा एक जादा संच खिशात असू द्या. भजन ठरल्या वेळेला कधीच संपत नाही.