नागपुरातील वेब डेव्हलपरचा ब्राउझर : एक्स्टेंशनची निवड आणि विश्वासाचा प्रश्न

ब्राउझरच्या मूळ रचनेत नसलेली एखादी सोय बाहेरून जोडणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे एक्स्टेंशन होय. ते बसवायला एक क्लिक पुरतो, त्याचे चिन्ह पत्त्याच्या पट्टीशेजारी निमूट बसून राहते, आणि त्यामुळे त्याच्याकडे किरकोळ साधन म्हणून पाहण्याची सवय लागते. प्रत्यक्षात मात्र आवश्यक ती परवानगी मिळालेले एक्स्टेंशन उघडलेल्या प्रत्येक पानात स्वतःचा कोड घालू शकते, पानावरचा मजकूर वाचू शकते, फॉर्ममध्ये टाइप होणारी अक्षरे टिपू शकते आणि दिसणारा आकडाही बदलू शकते. एचटीटीपीएस, म्हणजे सर्व्हर व ब्राउझर यांच्यातील वाहतूक गुप्त ठेवणारी व्यवस्था, येथे उपयोगी पडत नाही, कारण माहिती उलगडून पडद्यावर मांडली गेल्यानंतर एक्स्टेंशन तिच्यापर्यंत पोहोचते.

नागपुरातील सॉफ्टवेअर व्यवसाय दोन वेगळ्या आकारांत चालतो. मिहान आणि परसोडीचा आयटी पार्क येथील मोठ्या कंपन्यांमध्ये कोणते एक्स्टेंशन चालेल याचा निर्णय सामान्यतः संस्थेचा माहिती-सुरक्षा विभाग घेतो व तो सर्व संगणकांवर एकाच वेळी लागू होतो. धरमपेठ, प्रतापनगर किंवा सीताबर्डीच्या एखाद्या इमारतीतील दोन खोल्यांत चालणाऱ्या कार्यालयात असा विभाग नसतो, आणि जो माणूस संकेतस्थळ बांधतो तोच ही निवडही करतो. प्रस्तुत लेखकाचा अनुभव या दुसऱ्या प्रकारच्या कार्यालयातील आहे. तेथे एकाच ब्राउझरच्या एका टॅबमध्ये शाळेच्या फीचे अॅडमिन पॅनेल उघडे असते, शेजारी दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची यादी असते, तिसरीकडे संत्र्याच्या व्यापाऱ्याचे ग्राहकखाते असते, आणि या सगळ्यांवर रंगाचा कोड सांगणाऱ्या एखाद्या फुकट एक्स्टेंशनची नजर असते. सामान्य वापरकर्त्याने चुकीचे एक्स्टेंशन निवडले तर त्याची स्वतःची माहिती जाते. डेव्हलपरने निवडले तर ज्यांनी त्याला कधी पाहिलेलेही नाही अशा पालकांची आणि रुग्णांची माहिती जाते. निवडीचा सगळा विचार येथून सुरू व्हायला हवा.

उपयुक्ततेचा प्रश्न इतिहासाच्या आधारे लवकर सुटतो. २००६ मध्ये जो ह्युइट यांनी फायरफॉक्ससाठी फायरबग हे एक्स्टेंशन प्रसिद्ध केले, तेव्हा चालू पानाचा एचटीएमएल उघडून पाहणे, शैली जागच्या जागी बदलणे आणि जावास्क्रिप्टमधील दोष शोधणे या गोष्टी एकाच चौकटीत प्रथमच इतक्या सहज जमू लागल्या. पुढे हेच काम ब्राउझरांनी आपल्या अंगभूत डेव्हटूल्समध्ये घेतले आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने एक्स्टेंशनची जुनी रचना बंद केली तेव्हा फायरबगचा प्रवासही संपला. आज रंग उचलणे, मोबाइलच्या मापात पान पाहणे, संपूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घेणे किंवा पानाचा वेग तपासणे यांसाठी वेगळे एक्स्टेंशन लागत नाही, तरीही ही कामे करणारी शेकडो एक्स्टेंशन्स बसवली जातात. म्हणून हे काम ब्राउझर स्वतः करतो का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे, आणि लेखकाच्या कार्यालयात या एका प्रश्नानेच यादीचा मोठा भाग गळून पडला. शिल्लक राहिली ती ब्राउझरला मुळातच ठाऊक नसलेल्या गोष्टी सांगणारी साधने : रिअॅक्टमध्ये लिहिलेल्या पानातील घटकांची उतरंड दाखवणारे रिअॅक्ट डेव्हलपर टूल्स, व्ह्यूसाठीचे तसेच साधन, आणि अंध किंवा अल्पदृष्टी वाचकाला पान वापरता येईल का हे तपासणारी अॅक्स व वेव्ह.

मराठी पानांच्या बाबतीत उपयुक्ततेची आणखी एक परीक्षा घ्यावी लागते आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. नागपुरातील एका शाळेच्या संकेतस्थळाबाबत तेथील लिपिकांचा फोन आला, “भाऊ, मथळ्यातली वेलांटी वरून कापल्यासारखी दिसून राहिली.” कार्यालयातील संगणकावर मथळा नीट दिसत होता. फॉन्टचे नाव सांगणाऱ्या एका लोकप्रिय एक्स्टेंशनने त्या मथळ्यावर ‘रोबोटो’ असे नाव दाखवले. पण रोबोटोमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत, म्हणजे शैलीच्या फाइलमध्ये पहिले लिहिलेले नाव ते एक्स्टेंशन वाचून दाखवत होते आणि प्रत्यक्षात अक्षरे कोणत्या फॉन्टमधून आली याचा त्याला पत्ता नव्हता. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये ‘कम्प्युटेड’ या विभागाच्या तळाशी प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टची नोंद असते, फायरफॉक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र पट्टी असते. शाळेच्या संगणकावर ती नोंद उघडल्यावर ‘निर्मला यूआय’ हे विंडोजमधील फॉन्टचे नाव समोर आले. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ओळीची उंची आखडती घेतलेली, जास्तीचा भाग लपवण्याची सूचना दिलेली, आणि वर रफार-वेलांटी व खाली उकार असणारी लिपी मात्र त्या चौकटीत बसवलेली, असा तो दोष होता. एक टाइपने तयार केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट नेमून आणि ओळीची उंची वाढवून तो दूर झाला.

अॅक्स आणि वेव्ह यांच्याबाबतही हीच मर्यादा लक्षात ठेवावी लागते. ही दोन्ही साधने खरोखर गुणी आहेत; चित्राला पर्यायी मजकूर नसणे किंवा अक्षर व पार्श्वभूमी यांच्या रंगांत पुरेसा फरक नसणे असे दोष ती अचूक पकडतात. परंतु संपूर्ण मराठी पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी म्हणून नोंदवलेली असेल, तर नोंद आहे व ती वैध आहे एवढ्यावर त्यांचे समाधान होते, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, तो मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू लागतो. साधनाने दोष नाही असे सांगितले तरी मराठी वाचकासाठी तपासणी पूर्ण झालेली नसते.

विश्वासाचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि तो समजून घ्यायला डेव्हलपरांच्याच वापरातील एका साधनाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ख्रिस पेडरिक यांचे ‘वेब डेव्हलपर’ हे एक्स्टेंशन वर्षानुवर्षे वापरले जात होते, लेखक नावाजलेले व प्रामाणिक होते, आणि क्रोमवरील वापरकर्त्यांची संख्या १० लाखांच्या पुढे होती. २०१७ च्या ऑगस्टच्या आरंभी त्यांना आलेल्या फसव्या ईमेलमुळे त्यांच्या खात्याचा पासवर्ड चोरांच्या हाती गेला आणि त्यांच्याच नावाने ०.४.९ ही दूषित आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती पानांत जाहिराती घुसवत होती, आणि सुरक्षा-अभ्यासकांच्या विश्लेषणानुसार क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळांसाठीच्या सेवेची खाती उघडण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याचाही तिचा प्रयत्न होता; म्हणजे वार नेमका संकेतस्थळे चालवणाऱ्यांवर होता. पेडरिक यांनी घडलेला प्रकार उघडपणे सांगितला आणि सुधारित आवृत्ती तातडीने दिली. एक्स्टेंशन निवडताना जे निकष सांगितले जातात, म्हणजे जुने असावे, लेखक ओळखीचा असावा, तारे भरपूर असावेत, त्या सर्वांवर हे साधन उतरत होते.

विश्वास मोडण्याचा दुसरा मार्ग विक्रीचा आहे. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे एक्स्टेंशन २० लाखांहून अधिक लोक वापरत होते; मूळ लेखकाने २०२० च्या जूनमध्ये ते अनोळखी खरेदीदाराकडे सोपवले, त्यानंतर स्टोअरवर आलेली आवृत्ती गिटहबवरील खुल्या कोडशी जुळेनाशी झाली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ते काढून टाकले. कोड खुला आहे या विधानाचे मोल यातून नीट ठरवता येते : खुला कोड आणि ब्राउझरमध्ये उतरलेला कोड एकच आहे का, हे कोणी पडताळल्याशिवाय त्या विधानाला अर्थ राहत नाही. फसव्या ईमेलचा पहिला मार्गही बंद झालेला नाही : २०२४ च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षा-कंपनीच्याच एक्स्टेंशनची दूषित आवृत्ती पसरली. तेथील कर्मचाऱ्याच्या खात्यावर दुहेरी पडताळणी सुरू होती, पण फसव्या ॲपला दिलेल्या अधिकृत संमतीने तिला वळसा घातला गेला.

या तिन्ही घटनांना जोडणारा दुवा म्हणजे आपोआप होणारे अपडेट. नवी आवृत्ती अधिक व्यापक परवानगी मागत असेल तर क्रोम तिला थांबवून वापरकर्त्याची संमती घेतो; परंतु सर्व संकेतस्थळांवरील सर्व माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली असेल, तर पुढे मालक बदलो वा हेतू, विचारण्यासारखे काही उरतच नाही. म्हणून एक्स्टेंशनची विश्वासार्हता ही त्याच्या अंगची कायमची वस्तू मानता येत नाही. ज्याच्या हाती आज अपडेटची किल्ली आहे त्याच्यावर तो विश्वास असतो, आणि दिलेली परवानगी जितकी अरुंद तितकी त्या विश्वासाची जोखीम कमी असते.

ही परवानगी वाचणे अवघड नाही. प्रत्येक एक्स्टेंशनमध्ये मॅनिफेस्ट नावाची फाइल असते, ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते आणि त्या एक्स्टेंशनला काय काय करू दिले आहे हे तीत ओळीने लिहिलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या कार्यालयात रंग उचलणाऱ्या एका साधनाची ही फाइल उघडली असता सर्व संकेतस्थळांचा प्रवेश, कुकी वाचण्याचा अधिकार आणि ब्राउझिंगचा इतिहास या तिन्ही गोष्टी मागितलेल्या दिसल्या. कुकी म्हणजे लॉगिन टिकवून ठेवणारी छोटी नोंद, आणि ती हाती लागली तर पासवर्डवाचूनही कोणाच्या तरी खात्यात शिरता येते. रंग उचलायला तिची गरज काय, याचे उत्तर त्या साधनाच्या माहितीपानावर कोठेही नव्हते. त्याउलट ‘ॲक्टिव्ह टॅब’ एवढीच परवानगी मागणारे साधन, चिन्हावर क्लिक केल्यावर, त्याच टॅबपुरते आणि तेवढ्या वेळेपुरतेच जागे होते. मॅनिफेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीत दूरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवण्यास बंदी आहे; ती स्वागतार्ह आहे, पण परवानगीच्या रुंदीवर तिने अंकुश येत नाही.

नावाबाबतही सावधगिरी लागते. रेमंड हिल यांनी २०१५ मध्ये जाहिराती अडवणारा यूब्लॉक हा प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवला व स्वतःचे काम ‘यूब्लॉक ओरिजिन’ या नावाने पुढे चालू ठेवले; एका शब्दाचा फरक असलेली ही दोन साधने वेगळ्या हातांत गेली, म्हणून स्टोअरच्या शोधपट्टीत नाव टाकण्यापेक्षा लेखकाच्या अधिकृत पानावरील दुव्यावरून जाणे श्रेयस्कर ठरते. फायरफॉक्सच्या ‘शिफारस केलेल्या’ एक्स्टेंशन्सचा कोड मोझिलाचे तज्ज्ञ तपासतात, हाही निवडीला चांगला आधार आहे.

कार्यालयात यातून रुजलेली पद्धत साधी आहे. विकासकामासाठी ब्राउझरची एक प्रोफाइल असते व एक्स्टेंशन्स फक्त तेथेच बसवली जातात. क्लायंटची अॅडमिन पॅनेल, बँक आणि ईमेल दुसऱ्या, पूर्णतः रिकाम्या प्रोफाइलमध्ये उघडली जातात. शक्य तेथे प्रवेश ‘क्लिक केल्यावर’ या पर्यायावर ठेवला जातो, आणि काम संपल्यावर त्या कामापुरते घेतलेले साधन काढून टाकले जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. कोणत्या संगणकावर कोणते एक्स्टेंशन होते हे लिहून ठेवलेले नसेल तर त्या ६ तासांत शोध तरी कोठून सुरू करायचा, म्हणून अशी एक वहीही ठेवली जाते.

तरीही एक बाब केवळ सावधगिरीने सुटत नाही. ज्या साधनांवर छोटी कार्यालये रोज पोट भरतात त्यांतील कित्येक एकट्या माणसाने फावल्या वेळात सांभाळलेली असतात, आणि अशा थकलेल्या माणसाला खरेदीदाराचा ईमेल येतो तेव्हा त्याला थांबवणारे सहसा कोणी नसते. काही जण पैसे घेतही नाहीत. यूब्लॉक ओरिजिनसाठी देणगी मागितली जात नाही आणि त्याऐवजी फिल्टरच्या याद्या राखणाऱ्यांची आठवण ठेवावी असे सुचवले जाते. जेथे देणगी घेतली जाते तेथे कार्यालयाच्या मासिक खर्चात तिची तरतूद करणे, आणि जेथे घेतली जात नाही तेथे देवनागरीत आढळलेला दोष नमुन्यासह, व्यवस्थित लिहून त्या लेखकापर्यंत पोहोचवणे, एवढे नागपुरातील दोन खोल्यांच्या कार्यालयालाही करता येते, आणि ते आता तेथे केले जाते.