शेवटचे तीन गडी

मानपाड्याच्या अण्णांचं मी काय देणं लागतो, असं कुणी विचारलं तर पहिली नोंद बोनस रेषेची करावी लागेल. कबड्डीच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाई करणाऱ्यानं एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवला आणि दुसरा हवेत ठेवला, की कुणाला न शिवताच एक गुण मिळतो. गुण मिळतो, पण बाद झालेला आपला गडी परत आत येत नाही. आमच्या कॉलेजच्या संघात हा फरक कुणी मनावर घेतला नव्हता. सगळ्यांना चढाईच करायची होती. पेपरात नाव चढाईवाल्याचं, टाळ्या त्याला, आणि गावच्या स्पर्धेत मोठं बक्षीसही बहुधा त्यालाच.

अण्णा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात पाळीवर होते आणि संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवायचे. जाड मिशी, आखूड बांधा, डाव्या हाताचं एक बोट पकडीत मोडून तसंच वाकडं बसलेलं. कल्याण-शीळ रस्ता तेव्हा अरुंद होता आणि सागाव, भोपर, घेसर ही गावं टॉवरांच्या आड गेलेली नव्हती. भात निघालं की एखादं शेत सपाट करायचं, पाणी मारून धुमसायचं, चुन्यानं रेघा मारायच्या आणि मग रात्र रात्र सामने. मी त्या गावचा नव्हे. आम्ही साताऱ्याकडचे, वडील कारखान्यात, राहायला भाड्याची खोली. अण्णांचा पुतण्या माझ्याबरोबर कॉलेजच्या संघात होता, त्याच्या सायकलवर बसून मी पहिल्यांदा मानपाड्यात गेलो. तो डावा कोपरा खेळायचा आणि मलाही तीच जागा हवी होती. हे अण्णांना पहिल्या संध्याकाळीच कळलं असणार. तरी त्यांनी दोघांना सारखंच शिकवलं. पुतण्याला जरा जास्त शिव्या घातल्या, एवढाच काय तो फरक.

त्यांची एक वेगळीच पद्धत होती. सगळीकडे सराव सातांचा चालायचा: साखळी धरा, मध्यरक्षक पुढे, कोपरे मागे. अण्णा अर्धा वेळ फक्त तिघांना मैदानात ठेवायचे. दोन कोपरे, मध्ये एक, आणि समोरून गावातला सगळ्यात चपळ चढाईवाला. बाकीचे चौघे बाहेर ओळीनं बसलेले, तेही बाद झाल्याच्या क्रमानं. ‘सात असताना कुणीपण खेळतो. सामना जातो तो तिघं उरल्यावर,’ असं म्हणायचे, आणि ते खरंच आहे. तिघं उरले की साखळी धरून उपयोग नसतो. एकाला शिवला की उरलेले दोघेही बाद होऊन लोण चढायला वेळ लागत नाही, आणि लोणाचे दोन गुण वेगळेच. पण तिघंच उरल्यावर समोरच्याला बोनसही मिळत नाही, ही गोष्ट मला त्या शेतात उमगली. चढाईवाल्याला निदान रेषा तर ओलांडावीच लागते. कुणाला न शिवता, ती न ओलांडता परत गेला तर तोच बाद. म्हणजे आत येणं त्याला भाग आहे. मग आपण कशाला पुढे धावायचं? बोनस रेषा आणि अंतिम रेषा यांच्यामध्ये पावणेदोन मीटरची पट्टी असते. कोपऱ्यानं तिथं दबून राहायचं, त्याचा पाय खोल येऊ द्यायचा, आणि तो परतायला वळला की घोटा धरायचा. पहिला हात कोपऱ्याचा. दुसरे दोघे त्याआधी हलले की अण्णा खेळ थांबवून सगळ्यांना मैदानाभोवती पळवायचे.

‘घाय नको करूस,’ हे त्यांचं नेहमीचं. त्याहून जास्त वेळा एक प्रश्न यायचा, तोही नेमका दम चालू असताना: ‘आता धरलास तर आत कोण येणार?’ कबड्डीत जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो. आपला खंदा चढाईवाला ओळीत पहिला बसला असेल तर त्या एका पकडीची किंमत निराळी, आणि तो चौथा असेल तर निराळी. कधी कधी तर हिशेब उलटा असतो: वेळ भरपूर शिल्लक आहे, मैदानात एकच कच्चा गडी आहे, तर त्याला लवकर बाद होऊ द्यावं, दोन गुण सोसावेत आणि सातही जण एकदम आत घ्यावेत. हा हिशेब खेळता खेळता डोक्यात ठेवणं मला पकडीपेक्षा अवघड गेलं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तशी वेळ आली. आम्ही तिघं, एका गुणानं मागे, आमचा मुख्य चढाईवाला ओळीत पहिला. समोरचा आला, पुतण्याच्या बाजूला हुलकावणी देऊन माझ्याकडे वळला. घोटा हातात आला, बाकीचे दोघे त्याच्यावर पडले. पुढच्या चढाईत आमच्या परतलेल्या गड्यानं दोघांना टिपलं आणि सामना फिरला. खांद्यावर अर्थातच त्याला घेतलं. पुढच्याच फेरीत आम्ही आपटलो, तेही सांगून टाकतो.

दुसरी नोंद कबड्डीची नाही. वडिलांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी अण्णांच्या घरून तांदळाची गोण आली. पुतण्यानं सायकलवरून आणून दारात टाकली. आई पैसे काढायला लागली तर म्हणाला, ‘काकानी सांगितलंय, पैसे घेतलेस तर घरात येऊ नको.’ नंतरही गोणी आल्या. अण्णांनी मैदानावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, मीही काढला नाही. माझी डावी जागा पक्की झाली आणि पुतण्या उजव्या कोपऱ्यात गेला, त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही.

आता अण्णांचं वय झालंय. प्रो कबड्डी मात्र चुकवत नाहीत. डावा कोपरा खेळणारा गिरीश इरनाक आपल्या कल्याणचा, याचा त्यांना घरचाच अभिमान. तिघे किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीला तिथं एक गुण जास्त देतात, हे मात्र त्यांना फारसं रुचलेलं नाही. ‘माणूस परत येतो ते काय कमी हाय?’

गेल्या दिवाळीत मी त्यांना भाच्यानं अमेरिकेहून पाठवलेली एक चित्रफीत दाखवली. तिथल्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये लाथेनं चेंडू मारायची वेळ आली की मैदानातली माणसंच बदलतात. त्या तुकड्यांचा सराव वेगळा, शिक्षकही बहुधा वेगळा. 30 नोव्हेंबर 2013 ला ऑबर्न आणि अलाबामा हे संघ 28-28 बरोबरीत होते, एक सेकंद उरला होता. अलाबामानं 57 यार्डांवरून, म्हणजे 52 मीटरवरून, गोलावर चेंडू मारला. तो कमी पडला. अगदी मागच्या टोकाला उभ्या असलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसनं तो झेलला आणि जवळजवळ शंभर मीटर पळत जाऊन सामना 34-28 नं जिंकून दिला.

अण्णांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. ‘ही एवढी जाडी माणसं का धावतायत त्याच्यामागं?’

मी सांगितलं, लाथ मारणाऱ्याच्या पुढे भिंत धरायला अशीच धिप्पाड माणसं ठेवतात.

‘म्हणजे मारायची तयारी केली. चेंडू तोकडा पडला तर काय, त्याची नाय केली.’ मग त्यांनी मला चित्रफीत मागे न्यायला लावली, चेंडू मारण्याच्या आधीपर्यंत. पळणं त्यांना पुन्हा बघायचं नव्हतं. तो पोरगा मागे एकटा उभा होता तिथं बोट ठेवलं, तेच वाकडं. ‘ह्याला इथं उभा कुणी केला? त्याचं नाव काय?’

प्रशिक्षक गस माल्झान, मी म्हटलं. ते नाव त्यांच्या जिभेवर बसेना. त्यांनी नातवाला हाक मारली आणि कागदावर लिहून घ्यायला सांगितलं.