आवाजाची पारख

माणसाला कशाचा तरी अभिमान असतो. कुणाला आपल्या अक्षराचा, कुणाला आपल्या हातच्या आमटीचा. मला माझ्या पारखीचा होता. वर्गातल्या एकेका मुलाला उभे करून एक वाक्य म्हणायला लावले, की स्नेहसंमेलनाच्या नाटकात कोण शोभेल हे मी हातोहात सांगत असे. कसोटी एकच. मी मागच्या भिंतीला टेकून उभा राही. ज्याचा आवाज तिथवर खणखणीत येई तो राजा, आणि ज्याचा येत नसे ते झाड.

यात आपला काही दोष नाही, असे मी बरीच वर्षे समजत होतो. आमचे गाव सांगलीपासून फार दूर नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हा कुठला आला होता माईक? बालगंधर्वांनीही उमेदीच्या काळात भरली थिएटरे गाजवली ती गळ्याच्या जोरावरच. मग आमच्या पटांगणातल्या मंडपासाठी मी मोठ्या आवाजाची मुले निवडली तर काय बिघडले? नाही म्हणायला आमच्याकडे वायरीचे दोन माईक होते. पण वायरीचा माईक म्हणजे दावणीला बांधलेले जनावर! प्रधानजी मुजरा करायला पुढे सरकले, की त्यांचा आवाज माईकपाशी मागेच राहायचा.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला कॉर्डलेस माईकचा संच दिला. कॉलरला लावायचे चार माईक, कमरेला अडकवायच्या चार डब्या, आणि डोक्यावर दोन-दोन शिंगे असलेले चार रिसीव्हर. संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी गावातले साउंडवाले दादा आले. मी उत्साहाने सगळी बटणे दाबायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"सर, डब्या बंद ठेवा. आधी नुसते रिसीव्हर चालू करू."

"का बरं?"

"घरात आधीच कोण शिरलंय का ते बघायचं, मग आपण शिरायचं."

मला ते पटले. डबी बंद असताना रिसीव्हरचा दिवा लागला, तर त्या लहरीवर दुसरेच कुणी बोलते आहे असे समजायचे आणि दुसरी लहर निवडायची. प्रत्येक माईकची लहर वेगळी हवी; एका लहरीवर दोघे बोलू लागले की एकाचेही धड ऐकू येत नाही. मी म्हटले, "मग सरळ पाचशे, पाचशे एक, पाचशे दोन अशा ओळीने लावून टाकू." दादा हसले. जवळच्या दोन लहरी एकत्र आल्या, की त्यांच्यातून तिसरीच एक उपजते. पाचशे एकची दुप्पट करा, त्यातून पाचशे वजा करा. उरतात पाचशे दोन! म्हणजे पहिल्या दोन माईकांचे भूत नेमके तिसऱ्याच्या मानगुटीवर. म्हणून अंतरे कमीजास्त ठेवायची, किंवा यंत्राबरोबर आलेल्या एकाच गटातल्या लहरी घ्यायच्या. मी शाळामास्तर असूनही हे गणित मला कुणी शिकवले नव्हते.

रिसीव्हर मी चोरांच्या भयाने लोखंडी कपाटात ठेवले होते. ते दादांनी बाहेर काढून उंच टेबलावर मांडले. "मंडप रिकामा असताना सगळं झकास चालतं, सर. माणसं बसली की लाट अडते." माणसाचे शरीर बव्हंशी पाण्याचे, आणि पाणी या लहरी पिऊन टाकते. म्हणून शिंगांना माणसांच्या डोक्यांवरून रंगमंच दिसला पाहिजे.

राहिली चालून पाहायची परीक्षा. एकाने माईक लावून रंगमंचाचा कोपरान् कोपरा फिरायचे, दुसऱ्याने ऐकत राहायचे. आवाज तुटेल तिथे खडूची खूण करायची. राजा आणि राणी पोशाख बेतायला गेली होती. खडू घेऊन उभी होती सातवीतली एक मुलगी, अर्थात झाडांपैकी. मी तिच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर माईक लावला आणि सांगितले, "एक, दोन, तीन म्हणत चालत राहा." स्पीकर बंद होते. हेडफोन तेवढा माझ्या कानांवर होता.

ती गेली. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. मागच्या पडद्याआड ती दिसेनाशी झाली, आणि आकडे थांबले. मला वाटले, लहर तुटली. मी दादांना हाक मारणार, इतक्यात कानात राणीचे भाषण सुरू झाले.

नाटक माझेच होते. रणात पडलेल्या मुलाच्या आईचे ते भाषण. आमची राणी ते असे गर्जून म्हणे की मंडपाचे खांब हलावेत, आणि तसे म्हणायला मीच तिला शिकवले होते. ही मुलगी ते हळू म्हणत होती. झोपलेल्या लेकराला उठवावे की नाही, असा विचार पडलेली आई बोलेल तसे. मला काय लिहायचे होते, ते मला त्या क्षणी कळले.

ती परत आली. "सर, तिकडं कोपऱ्यातनं आवाज येतोय?"

"येतोय."

"इतकं हळू बोललं तरी?"

"हो."

"मग, सर..." एवढे म्हणून ती थांबली आणि खडूचा हात फ्रॉकला पुसू लागली.

राणीचे काम तिला देणे शक्य नव्हते. दुसऱ्या पोरीने दोन महिने घाम गाळला होता. रात्री मी राणीच्या दासीसाठी चार वाक्ये लिहिली. दुसऱ्या संध्याकाळी दादांनी सगळ्या डब्यांत नवे पेन्सिल सेल घातले. मी म्हटले, "हिचा आवाज बारीक आहे, माईक वाढवा." ते म्हणाले, "वाढवला की स्पीकरचाच आवाज माईकमध्ये शिरतो आणि शिटी मारतो. लहान आवाजाच्या जवळ जायचं असतं, सर." आणि त्यांनी तिचा माईक कॉलरवरून काढून गालावर, ओठांच्या कडेला चिकटवला.

चार वाक्ये ती हळूच बोलली. मी मागे, बायका उभ्या होत्या तिथे जाऊन थांबलो होतो. एकीने आपल्या रडक्या पोराच्या तोंडावर हात ठेवला आणि मान पुढे केली. तिथवर सगळे ऐकू आले.

परवा बाजारात जुना एक विद्यार्थी भेटला. भाजीची गाडी लावतो. "ओळखलं का, सर? मी तुमच्या नाटकात झाड होतो!" मोठ्या कौतुकाने तो हे बायकोलाही सांगत होता.

मी जवळ गेलो आणि विचारले, "तुला तेव्हा काही बोलायचं होतं का रे?"

मेथीची एक जुडी जास्तीची पिशवीत टाकत तो हसला. म्हणाला, "सर, आख्खं नाटक पाठ होतं मला."