कधी जास्त, कधी कमी

आमच्या गॅरेजमधलं जुनं स्लॉट मशीन हिशोबात चुकत होतं, तेही दोन्ही बाजूंनी. तीन संत्री एका रेषेत आली की काचेवरच्या तक्त्याप्रमाणे 10 नाणी पडायला हवीत. कधी 13 पडत, कधी 6. नेहमीच जास्त किंवा नेहमीच कमी पडली असती, तर काही तर्क तरी लढवता आला असता. एकाच पेटीत दोन उलट दोष कसे, हे मला उमगेना.

घर विकून दुसऱ्या राज्यात निघालेल्या शेजाऱ्यांकडून आम्ही ते घेतलं. बॅली कंपनीचं, 1970च्या दशकातलं, 25 सेंटच्या नाण्यावर चालणारं. कॅलिफोर्नियात 25 वर्षांहून जुनं स्लॉट मशीन घरी ठेवता येतं. मात्र त्यावर जुगार खेळायचा नाही. या यंत्राचा जन्मही इथलाच. चार्ल्स फे या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत ‘लिबर्टी बेल’ हे तीन रीलचं यंत्र बनवलं. त्यात सगळं काम स्प्रिंगा आणि तरफा करत. पुढे 1960च्या दशकात बॅलीने ‘मनी हनी’ आणलं. दांडा ओढण्याची रीत तशीच राहिली, पण जिंकलं की हरलं हे ठरवण्याचं आणि पैसे चुकते करण्याचं काम विजेकडे गेलं. आमचं मशीन याच घराण्यातलं.

दार उघडलं आणि छाती दडपली. रंगीत पट्ट्यांच्या वायरींचे जाड जुडगे, रिलेंच्या, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचांच्या, रांगा, प्रत्येक रिलेवर पातळ पत्त्यांचे थर. सोबत मिळालेली विद्युत आकृती जमिनीवर पसरली, तर तिच्यातला एकही भाग समोरच्या पेटीत ओळखता येईना. मी संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. तिथे पडद्यावर काहीतरी संदेश येतो. इथे नुसती खटखट.

शेवटी डोंबिवलीला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांची सगळी नोकरी मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, तीही डायलच्या ठोक्यांवर चालणाऱ्या स्ट्रोजर पद्धतीच्या. मी कॅमेरा आत फिरवला तसे मामा खुर्चीत पुढे सरकले. “अगं, ही तर आमचीच मंडळी! रिले, रॅचेट, खिट्टी... वायरी मोजत बसू नकोस. नाणं टाकल्यापासून कोण कोणाला उठवतं, ते ओळीने लिहून काढ. आणि लिहून होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.”

मग मी वही घेऊन बसले. नाणं घसरत जाताना एक बारीक स्विच दाबतं. त्याने रिले ओढला जातो आणि दांडा मोकळा होतो. दांडा ओढला की स्प्रिंगच्या जोरावर तिन्ही रील फिरतात आणि डावीकडून एकेक करून थांबतात. प्रत्येक रीलसोबत फिरणारी धातूची बोटं मागच्या चकतीवर टेकतात. रील कुठल्या चित्रावर थांबली, हे त्यावरून यंत्राला कळतं. तिन्ही ठिकाणची जोडणी जुळली, तरच वीज पुढे जाते आणि तळाच्या हॉपरची मोटर सुरू होते. माझ्या मशीनच्या प्रत्येक रीलवर 22 थांबे आहेत, म्हणजे 10,648 जुळण्या. त्यातल्या कुठल्या जुळणीला किती नाणी, हे केवळ तांब्याच्या वाटांनी ठरलेलं आहे, हे कळल्यावर मी बराच वेळ त्या चकत्यांकडेच पाहत राहिले.

पैसे मोजण्याची तऱ्हा त्याहून सुंदर. हॉपरमधली फिरती थाळी नाणी एकेक करून वर आणते. बाहेर पडताना प्रत्येक नाणं एका छोट्या चाकाला ढकलतं, त्याचा स्विच मिटतो आणि मोजणीच्या दातेरी चाकाची कॉइल एक झटका देते. खिट्टी चाकाला एक दात पुढे नेते. ठरलेल्या दाताशी चाक पोचलं की मोटर बंद. पुढच्या खेळाआधी स्प्रिंग चाकाला परत शून्यावर आणते. मामा म्हणाले, “डायल फिरवल्यावर एक्स्चेंजमध्ये हेच व्हायचं. एक ठोका, एक पायरी.” आल्मन स्ट्रोजरच्या स्वयंचलित एक्स्चेंजला पेटंट मिळालं 1891 साली. माणसाच्या मदतीशिवाय मोजणारं यंत्र घडवायची ही युक्ती दोन्हीकडे एकच.

क्रम कागदावर आल्यावर शोध सोपा झाला. नाणं बाहेर पडताना स्विच मिटतो का? प्लग काढून मल्टिमीटरने पाहिलं, मिटत होता. मशीन चालू करून लांबूनच निरखलं, तर कॉइलचा खटका प्रत्येक नाण्याला ऐकू येत होता. पण खटका होऊनही चाक काही वेळा जागचं हलत नव्हतं! नाणं गेलं, पण मोजलं गेलं नाही. म्हणून जास्त नाणी.

“आता प्लग काढ आणि चाक बोटाने पुढे नेऊन सोड,” मामा म्हणाले. चाक झटकन शून्यावर यायला हवं होतं. ते रेंगाळत आलं आणि शून्याच्या अलीकडेच थांबलं. म्हणजे पुढची मोजणी शून्याऐवजी मधूनच सुरू होणार, ठरलेला दात लवकर येणार आणि नाणी कमी पडणार. दोन उलट लक्षणांचं मूळ एकच होतं: आसावर जुनं वंगण काकवीसारखं घट्ट झालं होतं. त्या क्षणी झालेला आनंद अजून तसाच आठवतो.

खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, स्प्रिंगचं टोक कुठल्या खाचेत आहे ते टिपलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी आस, खिट्टी, दाते पुसून काढले. मामांची ताकीद होती की वरून नवं तेल ओतायचं नाही. तेलावर धूळ बसते आणि त्याचाच पुढे चिकटा होतो. स्विचच्या टोकांना कानसही लावू दिली नाही. त्यांवर चांदी असते, ती घासून गेली की परत येत नाही. कोऱ्या जाड कागदाची पट्टी दोन टोकांमध्ये धरून ओढली, काळपटपणा निघाला.

आता चेरीला 2, संत्र्यांना 10, आलुबुखारांना 14, घंटांना 18 नाणी बिनचूक पडतात. वहीत ‘देणं’ आणि ‘दिलं’ असे दोन रकाने आहेत. ते जुळले, तेव्हा मामांना वहीच्या पानाचा फोटो पाठवला.

जुन्या यंत्रासमोर पहिल्यांदा बसणाऱ्याला मी हेच सांगेन: पान्याआधी वही घ्या. ही यंत्रं काहीही लपवत नाहीत; प्रत्येक निर्णय डोळ्यांसमोर, एखाद्या पत्तीच्या हालचालीत घडतो. त्यांना समजून घ्यायला फार शिक्षण लागत नाही, पण क्रम संपेपर्यंत पाहत राहण्याचा धीर लागतो. आणि मामांच्या पिढीकडे हे ज्ञान अजून हातात आहे. ते विचारून घ्यायला हवं, आत्ताच.