हाकलायचं की मारायचं? दोन्ही!

बुर्किना फासो देशात बोबो-दियुलासो शहराजवळ भातखाचरं आहेत. तिथल्या मच्छरदाण्यांवर झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तेच सांगत सुटलोय!

मच्छरदाणीला औषध लावायचं तर वर्षानुवर्षं एकच घराणं होतं: पायरेथ्रॉइड. त्याचं मूळ शेवंतीच्या कुळातल्या फुलांत. आपली कॉइल आणि प्लगला लावायचं लिक्विडही त्याच गोतावळ्यातलं. हे औषध एकट्याने दोन कामं करतं. डासाला बिथरवून लांब ठेवतं, आणि टेकलाच तर मारतं. पण पश्चिम आफ्रिकेतल्या अॅनोफिलिस डासांच्या चेतापेशींत एक बारीकसा बदल झाला, केडीआर नावाचा, आणि डास दाद देईनासे झाले.

मग ऑर्गेनोफॉस्फेट घराण्यातलं औषध वापरा की! त्याचा घाव या बदललेल्या जागेवर नाही, दुसरीकडे बसतो. मारतं झकास, पण हुसकावत नाही. म्हणजे डास आधी पोटभर रक्त पिणार आणि मग मरणार. मेला, पण चावून मेला!

इथेच प्रयोग करणाऱ्या संशोधकांचं डोकं चाललं. एकाला दोन्ही जमत नाही ना? मग कामं वाटून द्या! पिरिमिफॉस-मिथाइल हे ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशक अगदी कमी मात्रेत, आणि जोडीला अंगाला चोळायच्या क्रीममध्ये असतं तसलं, डास पळवणारं द्रव्य. आता पळालेला डास मरणार कसा, असं कुणीही विचारील. पण प्रयोगशाळेत ही जोडगोळी दोघांच्या बेरजेहून भारी ठरली!

आणि प्रत्यक्ष चाचणी तर बघा. खास बांधलेल्या झोपड्या, आत माणसं झोपलेली, मच्छरदाण्यांना मुद्दाम कापलेली भोकं. सकाळी एकेक डास वेचायचा: मेला की जिवंत, पोट लाल की रिकामं, जाळीच्या आत सापडला की पडवीत पळालेला. पहिले दोन आठवडे हे मिश्रण डेल्टामेथ्रिन या पायरेथ्रॉइडच्या तोडीस तोड चाललं, आणि प्रतिकाराची जनुकं बाळगणारे डास त्याने जास्त मारले! २००८ साली हे छापून आलं.

दोनच आठवडे, हो. शिवाय ज्या जाळीला लेकरं गाल टेकून झोपतात तिच्यावर हे कितपत सुरक्षित, तेही तपासायला हवंच. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात डीट हे डास पळवणारं द्रव्य अतिसूक्ष्म कुप्यांत कोंडून जाळीला लावलं, तर प्रयोगशाळेत ते सहा महिने टिकलं. सहा महिने! आता हे डीट आणि ते कीटकनाशक एकाच जाळीवर किती टिकतील, हे मला कधी एकदा वाचायला मिळतंय असं झालंय.