मोठ्या आचेवरचं सोयाबीन

संध्याकाळच्या भुकेला धीर नसतो. दिवसभर राबून घरी पोचलेल्या माणसाला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नसतात, कणीक मुरायची वाट बघायची नसते. त्याला तिखट हवं असतं, गरम हवं असतं आणि लगेच हवं असतं. अशा भुकेला मी टोफू घातलेल्या तिखट नूडल्स वाढते. लोखंडी कढई, मोठी आच, चिरून ठेवलेल्या भाज्या आणि चार-पाच मिनिटं. यात दूध नाही, तूप नाही, अंडं नाही. आणि ताट पुढ्यात आलं की त्यांची आठवणही होत नाही.

चार-पाच मिनिटं ही आचेवरची. त्याआधीचं काम निवांत आहे, आणि ते मला फार आवडतं. दोघांसाठी टोफूची 200 ग्रॅमची वडी पंच्यात गुंडाळायची आणि तिच्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवायचं. पंचा हळूहळू ओला होत जातो. हे पाणी निघायलाच हवं. पृष्ठभाग ओला आहे तोवर तो 100 अंशांच्या फारसा वर तापत नाही, आणि खरपूस तांबूस कड यायला 140 अंशांच्या आसपासची उष्णता लागते. ओला टोफू नुसता वाफवला जातो; कोरडा टोफू भाजला जातो. तोवर बिनअंड्याच्या नूडल्स उकळत्या पाण्यातून थोड्या कच्च्या असतानाच काढायच्या, गार पाण्याखाली धरायच्या आणि चमचाभर तेल चोळून पसरून ठेवायच्या. कोबी लांब चिरायचा, ढोबळ्या मिरचीचे पट्टे, गाजराच्या काड्या. कांद्याच्या पातीचा पांढरा भाग एकीकडे, हिरवा दुसरीकडे. एक सुरुवातीला पडतो, दुसरा अगदी शेवटी.

मग तिखट. ब्याडगी मिरच्या रंगासाठी, एक-दोन संकेश्वरी जाळासाठी. गरम पाण्यात मऊ झाल्या की लसूण, आलं, मीठ, गुळाचा खडा आणि थोडं व्हिनेगर घालून वाटायच्या. आणि यात मी तिरफळ घालते. आपल्याकडच्या चायनीजच्या गाड्यांवरची शेजवान चटणी सिचुआन प्रांताच्या नावाने ओळखली जाते, पण तिथल्या स्वयंपाकाचा प्राण असलेली सिचुआन मिरी तिच्यात सहसा नसते. ती मिरी तिखट नसते. ती ओठांना आणि जिभेला झिणझिण्या आणते, आणि मिरचीच्या जाळात ती झिणझिण मिसळली की तिथली चव पुरी होते. तिची अगदी जवळची नातलग मात्र कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. लिंबाच्या कुळातलं, सिचुआन मिरीच्याच वंशातलं तिरफळ. बांगड्याच्या आमटीत ते ठेचून टाकतात. मी त्याची काळी चकचकीत बी काढून टाकते, उकललेलं टरफल कोरडंच भाजते आणि खलबत्त्यात कुटून वाटणात मिसळते. लिंबाच्या सालीचा वास आणि मागोमाग येणारी ती झिणझिण, दोन्ही वाटणात उतरतात.

मिरची तर चीनला आणि आपल्याला सारखीच परकी होती. अमेरिकेतून निघून 16व्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली. चीनमधल्या तिच्या सुरुवातीच्या नोंदींत 1591 सालची, गाओ लिआन याच्या ग्रंथातली नोंद प्रसिद्ध आहे. पांढरी फुलं, तिखट चव, लाल रंग आणि बघायला सुरेख, असं त्याने तिचं वर्णन केलं. ती आधी डोळ्यांना आवडली आणि मग जिभेवर जाऊन बसली. हजारो मैलांवरून आलेलं हे फळ आता आपल्या ठेच्यात इतकं मुरलं आहे की मिरचीविना आपल्या पूर्वजांचं जेवण कसं असेल, याची कल्पनाच करवत नाही. तिला कोणी पौष्टिक म्हणून घरात घेतलं नव्हतं.

आता कढई. ती धुरावेपर्यंत तापू द्यायची. तेल कडेने सोडायचं, टोफूचे तुकडे एकमेकांना न लागता मांडायचे आणि मग हात आवरायचा. खालची बाजू तांबूस झाली की ती आपणच कढईला सोडते, तेव्हा उलटायची. तुकडे बाहेर काढून त्याच तेलात पातीचा पांढरा भाग आणि ठेचलेला लसूण. लगोलग लाल वाटण. या क्षणी घरभर ठसका उठतो, कोणीतरी आतून खोकतं आणि खोकत खोकतच स्वयंपाकघरात डोकावतं. गाजर, कोबी, ढोबळी मिरची. नुसतं परतायचं, मऊ पडू द्यायचं नाही. मग नूडल्स. सोया सॉस मधोमध न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडायचा, म्हणजे तो लोखंडावर चर्र करून क्षणभर जळतो आणि त्याचा खारट, धुरकट वास साऱ्या कढईत भिनतो. टोफू परत आत, हिरवी पात, भाजलेले तीळ, दोन थेंब व्हिनेगर. आच बंद.

या कढईत सोयाबीन दोनदा पडलं. टोफूच्या रूपात एकदा, सॉसच्या रूपात दुसऱ्यांदा. आणि तेल सोयाबीनचं असेल तर तिसऱ्यांदाही. हे सोयाबीन काही लांबचं नाही. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत खरिपात 45 ते 50 लाख हेक्टरांवर सोयाबीन उभं असतं. लातूर, धाराशिव, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, कुठूनही ऑगस्टमध्ये जा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवंगार सोयाबीन डुलताना दिसेल. दसऱ्याच्या सुमाराला ते पिवळं पडतं, काढणी होते, मळणीयंत्र रात्री उशिरापर्यंत धडधडतं आणि दिवाळीचा खर्च भागवायला पोती आडतीवर जातात. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने ‘फुले संगम’सारखं वाण दिलं, परभणीच्या विद्यापीठानेही वाणं दिली. शेतकऱ्याने या पिकावर जीव लावला. पण ते त्याच्या ताटात आलं नाही. दाण्यात तेल असतं साधारण 18 ते 20 टक्के, आणि प्रथिनं जवळजवळ 40 टक्के. गिरणी तेल काढून घेते, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. ज्या घराने ते पिकवलं, तिथे तुरीचं वरण होतं, हुलग्याचं माडगं होतं, मटकीची उसळ होते. सोयाबीनचा मात्र एकही सणाचा पदार्थ नाही.

ते ताटात यावं म्हणून थोरामोठ्यांनी खटपट केली होती. 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन रोजच्या जेवणात आणून पाहिलं आणि ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिलं. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानातल्या एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात 300 पाककृती दिल्या. किती कळकळीचं काम! गरिबाच्या पोटात स्वस्तात बळ जावं, ही त्यामागची तळमळ आजही मन भरून टाकते. पण पुढे सोयाबीन आपल्यापर्यंत आलं ते सल्ला होऊन. कणकेत मूठभर मिसळा, पिठात थोडं घाला, मुलांना द्या, ताकद येते. दाणा नीट शिजला नाही की त्याचा उग्र वास येतो आणि पोटालाही तो जड जातो. तोंड वाकडं करून तो घास गिळला गेला. कर्तव्य म्हणून खाल्लेला घास ताटात फार दिवस टिकत नाही.

चीन-जपानने दुसरी वाट धरली होती. दाणा भिजवायचा, वाटायचा, उकळायचा, गाळायचा, ते दूध फाडायचं आणि वडी दाबायची. उकळण्यातच पोटाला बाधणारं बरंचसं निघून जातं, वास सौम्य होतो. आणि मग त्या वडीवर स्वयंपाक्यांनी आपली सारी कल्पकता ओतली. 1782 साली ओसाकात ‘तोफू ह्याकुचिन’ नावाचं पुस्तक छापलं गेलं. त्यात टोफूचे 100 पदार्थ आहेत, आणि त्यांच्या सहा श्रेणी लावल्या आहेत: रोजच्या साध्या पदार्थांपासून थेट अप्रतिमापर्यंत. ताकदीनुसार ही वर्गवारी झालेली नाही, रसिकतेने झाली आहे. मला वाटतं, सारं मर्म इथे आहे. अन्न घरात येतं ते आवडीच्या वाटेने.

आणि ती आवड आपल्याकडे तयार होऊन बसली आहे. तालुक्याच्या कुठल्याही गावात एसटी स्टँडजवळ संध्याकाळी एक लाल रंगाची गाडी उभी असते, तिच्यावर ड्रॅगन रंगवलेला असतो आणि शेगडीची ज्वाळा कढईच्या वर झेपावत असते. कोलकात्याच्या टांगऱ्यातल्या हक्का चिनी कुटुंबांनी आपल्या देशात रुजवलेली ही चव फिरत फिरत इथवर आली. जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेली पोरं तिथे उभ्याउभ्या नूडल्स खातात. त्या तिखटात, त्या धुरकट वासात टोफूला आयती जागा आहे.

टोफू विकतचाच हवा असंही नाही. किलोभर सोयाबीन रात्री भिजत घातलं, सकाळी भरपूर पाण्यात वाटून, ढवळत चांगलं उकळून गाळलं, लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडलं आणि फडक्यात बांधून वजनाखाली ठेवलं की दीड-दोन किलो टोफू सहज होतो. खाली उरलेला चोथा थालीपिठात खपतो. लागतं ते फडकं, पातेलं आणि उकळताना उतू जाऊ नये म्हणून लक्ष.

म्हणून येत्या दसऱ्याला, नवं सोयाबीन अंगणात पडेल तेव्हा, मराठवाड्या-विदर्भातल्या माझ्या बायाबापड्यांनी पोती शिवायच्या आधी पायलीभर घरासाठी काढून ठेवावं. शहरातल्यांनी ते त्यांच्याकडून मागून घ्यावं, चार पैसे जास्त देऊन घ्यावं. घरी टोफू करावा, तिरफळ कुटावं, कढई चांगली तापवावी आणि तिखटाला हात आखडू नये. आणि जेवायला बसलेल्या पोरांना ‘पौष्टिक आहे हो’ असं मुळीच सांगू नये. नुसतं वाढावं. पुढच्या वेळी तीच मागून घेतील.