हजेरीचा नंबर बदलला

परवा आमचा सर्व्हर मुका झाला. हसू नका, खरंच आहे आमच्याकडे सर्व्हर. स्वयंपाकघरातल्या फडताळात, जिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असायच्या, तिथे आता एक काळा डबा गुरगुरत असतो. एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर. मुलगा टोरंटोहून सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने तो विकत घेतला आणि त्यावर प्रॉक्समॉक्स घातलं. माझ्या समजुतीप्रमाणे सांगायचं तर हा एक वाडा आहे. एकाच वाड्यात तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाला वाटतं घर आपलंच. एका बिऱ्हाडात फोटो, एकात मुलाचे काही उद्योग, आणि तिसऱ्यात माझी ध्वनिमुद्रणं.

ध्वनिमुद्रणं म्हणजे काही थोर नाही. गेली चार वर्षं मी अंध मुलांसाठी मराठीची पुस्तकं वाचून ठेवते. सध्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी ती ऐकते आहे. तिचा पेपर शुक्रवारी, आणि सर्व्हर मुका झाला बुधवारी दुपारी. दुसरी प्रत का ठेवली नाही, हे विचारू नका. दुसरी प्रत ठेवायला जागा व्हावी म्हणून तर गावातल्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावून नवी डिस्क बसवून घेतली! ती बसवायला आत एक छोटं कार्ड घालावं लागलं. डबा सुरू झाला, पंखा फिरला, दिवे लागले, मुलगा चहा पिऊन गेला. आणि मोबाइलवर बघते तर ८००६ क्रमांकाच्या दारावर कोणी ओ देईना.

चार वाजता त्या मुलीचा फोन. "बाई, सहावं प्रकरण उघडत नाहीये." मी म्हटलं, "उघडेल संध्याकाळपर्यंत." कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "काकू, कार्ड काढून टाकू का? पहिल्यासारखं होईल." टोरंटोला तेव्हा पहाट. चिरंजीव उठल्यावर त्यांचा निरोप आला, "आई, तू हात लावू नकोस. शनिवारी निवांत बघू." शनिवारी! चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला 'हात लावू नकोस' म्हटलं की काय होतं, हे त्याला अजून कळलेलं नाही.

डब्याचं बटण एकदाच दाबलं. एकदाच दाबलं की तो सगळी बिऱ्हाडं आवरून नीट बंद होतो, पाच सेकंद दाबून धरलं तर मान मुरगळल्यासारखा. मग तो दिवाणखान्यात आणला, टीव्हीला जोडला, कीबोर्ड लावला आणि सुरू केला. पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर होता. आत शिरल्यावर माझ्या वहीत लिहिलेली आज्ञा दिली, 'आयपी ए'. ही वही मुलगा जोडाजोडी करत होता तेव्हा मी शेजारी बसून लिहिली होती. तो म्हणाला होता, कशाला लिहितेस. असो.

पडद्यावर यादी आली. त्यात 'ईएनपी३एस०' असं एक नाव, आणि पुढे 'डाउन'. वहीत मात्र स्वच्छ अक्षरात 'ईएनपी२एस०' लिहिलेलं. दोनाचे तीन! आधी वाटलं माझीच चूक. पण अक्षर माझं होतं आणि दोन तो दोनच होता.

आता इथे जरा थांबते, कारण मला सगळ्यात मजा इथेच आली. लिनक्समध्ये पूर्वी जाळ्याच्या कार्डांना ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं असत. यंत्राला जे आधी सापडेल ते शून्य. दोन कार्डं असली की कधी हे आधी, कधी ते आधी, आणि नावांची अदलाबदल. म्हणून २०१३ साली सिस्टिमडी या व्यवस्थेने जागेवरून नाव द्यायची पद्धत आणली. ईएन म्हणजे ईथरनेट, पी२ म्हणजे पीसीआयची दोन क्रमांकाची बस आणि एस० म्हणजे तिच्यावरची शून्य क्रमांकाची जागा. ऐकायला पक्कं वाटतं. पण हे बसचे क्रमांक यंत्र सुरू होताना मोजून दिले जातात. मध्येच नवं कार्ड आलं की मोजणी पुढे सरकते आणि जे दोनवर होतं ते जागचं न हलता तीनवर जातं.

हे वाचलं आणि मला माझी सातवी 'ब' आठवली. वर्षाच्या मध्ये एक मुलगा आला. रीत अशी की उशिरा आलेल्याला शेवटचा नंबर. मी नवी होते, हौस दांडगी. मी त्याला अकारविल्हे बसवला आणि सगळ्यांचे हजेरी क्रमांक पुन्हा दिले. चाचणीच्या गुणांची यादी जुन्या क्रमांकांनी केलेली होती. गणितात वीसपैकी चार मिळवणारा पोरगा एकोणीस गुण घेऊन घरी गेला आणि ज्याचे एकोणीस होते त्याने मार खाल्ला. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगितलं, पण खाल्लेला मार थोडाच परत येतो?

डब्याचंही तेच. 'इंटरफेसेस' नावाच्या फाइलीत लिहिलेलं होतं की व्हीएमबीआर० या पुलाला बाहेर जायला 'ईएनपी२एस०' हे दार. व्हीएमबीआर० म्हणजे आमच्या वाड्याचा चौक समजा. तिन्ही बिऱ्हाडं चौकात येत होती, एकमेकांशी बोलतही असतील. पण चौकातून ज्या दिंडी दरवाज्याकडे जायचं, त्या नावाचा दरवाजाच उरला नव्हता. म्हणजे सहावं प्रकरण सुखरूप होतं. हे कळल्यावर मी आधी पाणी प्यायले.

मग फाइलीची नक्कल करून ठेवली आणि नॅनोत मूळ फाइल उघडली. दोनचं नाव दोन ठिकाणी होतं, एकदा कार्डाच्या ओळीत आणि एकदा पुलाच्या. दोन्हीकडे तीन केलं. जतन केलं, 'आयएफरीलोड' ही आज्ञा दिली आणि मोबाइल बघितला. दार उघडलं होतं. साडेसात वाजले होते.

पण उद्या आणखी एखादं कार्ड घातलं तर पुन्हा हेच. शाळेत हजेरीचा नंबर दरवर्षी बदलतो, पण जनरल रजिस्टरचा नंबर त्या शाळेत कायम एकच. दाखल्यावरही तोच जातो. कार्डालाही असा एक नंबर असतो, मॅक पत्ता. प्रॉक्समॉक्सच्या माहितीपुस्तिकेत सांगितलं आहे की छोटी '.लिंक' फाइल करून मॅक पत्त्यावरून कार्डाला आपलं नाव द्यावं. त्यात 'टाइप ईथर' हेही लिहायचं, कारण पूल बहुधा कार्डाचाच मॅक पत्ता अंगावर घेऊन बसतो, आणि भलत्यालाच नाव मिळायचं! नावाची सुरुवात ईएन अशी ठेवावी म्हणजे ते खरं कार्ड म्हणून ओळखलं जातं. मी नाव ठेवलं 'ईएन-घर-०', अर्थात मधल्या रेघांशिवाय. इंटरफेसेसमध्येही तेच लिहिलं, 'अपडेट-इनिटरॅमएफएस'ची आज्ञा दिली आणि डबा पुन्हा सुरू केला. हे शहाणपण मात्र गुरुवारी सकाळी. बुधवारी रात्री त्या मुलीचं ऐकून होईपर्यंत मी डब्याच्या जवळही गेले नाही.

मुलाला कळवलं. बराच वेळ काही नाही, मग एक ओळ आली. "आई, वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठव."

मुलीचा फोन शुक्रवारी दुपारी. पेपर बरा गेला म्हणाली. मग म्हणते कशी, "बाई, सहाव्या प्रकरणात चार वेळा कुकरची शिट्टी आहे. तिसऱ्या शिट्टीनंतरचाच प्रश्न आला होता."